बर्फावरचा पाट

…आन् मी म्हन्तो, कायले? सांगा बरं मले, कायले? देवानं मानसाले थंडी देल्ली कशासाठी? शेकोटी करून तिच्याभवताल बसासाठी! हुरडा भाजासाठी, आन् हुरडा भाजता भाजता जो तिथं हजर नाई त्याच्याबद्दल बोलासाठी! थंडी म्हंजे दार लावून घ्याची गोष्ट हाय का नाई? पन सिमल्याचे लोक, तुमाले सांगतो, थंडी पडली का घरात बसतच नाईत… मोटारीत बसतात, आन् हाय त्याच्याहून जास्त थंडी जिथं असन तिथं जातात! कुफरी म्हनून एक जागा हाय, सिमल्याहून आपल्या कळंब-यवतमाळाएवढीबी दूर नाई. रविवार आला का चालले बाप्पा सारे! तिथं गुडघा-गुडघा बर्फ. पायाले लांबलांब फळ्या बांधाच्या, हाशहुश करत डोंगरावर चढाचं, आन् घसरत खाली याचं. मंग? मंग पुन्हा चढाचं! वर कोनाचा बैल हरपला नाई, खाली कोनाची पंगत बसली नाई, कोनी मांगे लागलं नाई… आन् हे म्हने सुट्टीची मजा! कायले जा लागते मानसानं त्या बर्फात?

तुमी म्हनसान, तुयं काय जाते बाप्पा, तू तं कळंबात बसला. अहो, आमच्या शेजारच्या लीलाबाई त्या बर्फात गेलत्या! आन् तवापासून आमच्या गल्लीले चैन नाई.

लीलाबाई म्हंजे वामनरावाची बायको. वामनराव कापसाचा कास्तकार, मानूस गरीब, कोनतीबी गोष्ट सांगा, म्हन्ते, "पाहू." गोठ्याले आग लागली तरी "पाहू"च म्हनन. आन् लीलाबाई? एखाद्या दिवशी जिनिंगचा भोंगा नाई वाजला, तं लोकं लीलाबाईच्या आवाजावर कामाले जात. तालुक्यातले किती मोडाले आलेले संसार त्या बाईनं नुसते ओरडून जागेवर बसवले! नवरा-बायकोले समोरासमोर बसवाचं, आपन मधात पाट घेऊन बसाचं, आन् म्हनाचं, "बोला. खरं बोला. खोटं मले वासावरून समजते."

आन् अशा बाईच्या सोताच्या लेकीचाच संसार डुगडुगाले लागला, तं?

कोकिळा, एकुलती एक पोरगी. देल्ली होती उत्तमरावाले. पोरगा देवळीकडचा, सिमल्याले सरकारी हिशेबाच्या ऑफिसात. पान नाई, तंबाखू नाई, बोलाचं तं जमिनीकडे पाहून बोलनार. गेल्या साली महाराष्ट्र राज्य झालं ना, तवाचीच गोष्ट. पोरगी दिवाळीले माहेरी आली. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं… पोरगी जाईच ना! कापसाचा पयला वेचा झाला, दुसरा झाला… पोरगी जाईच ना! आन् बाया काय गप बसतात? समोरची तुळसाबाई पान्यावर जाता जाता इचारे, "काहून वं कोकिळे, करमत नाई का तिकडं?" आता "करमत नाई का" म्हंजे काय, हे काय तुमाले मी फोडून सांगू?

एक दिवस लीलाबाई गोठ्यात गेल्या, तं पोरगी गाईच्या गळ्यात पडून रडून राह्यली.

"मारते?"

"नाई वं माय."

"पेते?"

"नाई."

"मंग?"

"हिवाळा आला का दर रविवारी जातात."

"कुठी?"

"काम हाय म्हन्तात. पहाटे जातात, दिवे लागले का येतात. आले का गाल लाल असतात. कपडे ओले असतात. आन् जेवता जेवता एकटेच हासतात."

लाल गाल! ओले कपडे! आन् एकटंच हासू! तुमी सांगा, रविवारी फायली पाहून कोन्या मानसाचे गाल लाल झाले आजपर्यंत?

"आन् माय," पोरगी म्हन्ली, "त्यायच्या कोटात हे सापडलं." पदरातून काय काढलं, तं हातमोजा. लाल लोकरीचा. एकाच हाताचा. आन् बाईच्या मापाचा!

त्या दिवशी लीलाबाई ओरडल्या नाईत. गल्लीले वाटलं, बाई गावाले गेली. संक्रांतीचे तीळ भाजाले घेतलते, ते चुलीवर जळून कोळसा झाले, तरी बाई चुलीपुढं तशीच बसून. दुसऱ्याच्या घरात आवाज चढवनं सोपं असते हो! आपल्या पोरीचं कुंकू मधात आलं का पाट कुठी मांडाचा, थेच समजत नाई. पोरीले घरात ठेवावं तं गाव खाते, धाडावं तं थो हातमोजा डोळ्यापुढून हालत नाई. संध्याकाळी वामनराव वावरातून आला, तं बाई एवढंच म्हन्ली, "सिमल्याले जा लागते."

"पाहू."

"पाहू नाई. उद्या."

निघाले बाप्पा तिघं! कळंबहून वर्ध्याले मोटार, वर्ध्याहून दिल्लीची गाडी, दिल्लीहून कालका, आन् कालक्याहून डोंगरावरची छोटी गाडी… हुबेहूब आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूरच्या गाडीची बहीन, फक्त ह्या बहिनीले पहाडात देल्ली! हे वळन, थो बोगदा, हे वळन, थो बोगदा. लीलाबाई सारा रस्ता चूप. पोरगी मांडीवर डोकं ठेवून पडलेली, आन् माय तिच्या केसावरून हात फिरवून राह्यली. बोलला कोन? वामनराव! गाडीनं एक वळन घेतलं, समोर पांढराशुभ्र डोंगर आला, आन् हा मानूस खिडकीतून अर्धा बाहीर!

"कोकिळेची माय! पाह्य, पाह्य! सारा डोंगर फुटला वं! आन् वेचाले एक मजूर नाई!"

बापजन्मी बर्फ पाह्यला नाई त्यानं. फुटलेला कापूसच दिसला त्याले. आन् उतरल्यावर पायाखाली दाबून पाह्यला, तोंडात टाकून पाह्यला, आन् म्हने, "बाजारात चालाचा नाई. लई ओला हाय."

शनिवारी जवायाच्या दारात उभे. उत्तमराव पाहातच राह्यला! आधी बायकोकडे पाह्यलं, मंग जमिनीकडे, मंग पुन्हा बायकोकडे. चहा टाकाले गेला तं साखरेच्या जागी मीठ टाकलं. खोली एवढीशी, टिनाचं छप्पर, आपल्या छपराच्या बरोबरीनं डोंगरावरच्या शेजाऱ्याचं अंगन. लीलाबाईची नजर काय टिपत होती? जवायाचं कोपर सोललेलं. एक नख काळं पडलेलं. चालता चालता "आई गं" म्हने. "बाप्पा," बाईच्या मनात आलं, "थे सटवी याले मारतेबी का काय!" पन तोंडानं? तोंडानं तिळगूळ हातावर ठेवला. "घ्या जवाईबापू. गोड बोला." आन् जरा थांबून, "आन् खरं बोला."

रविवारी उजाडलं न उजाडलं, जवाई उंबऱ्यावर चुळबुळ करून राह्यला. "मामी… मले जरा… ऑफिसचं काम हाय."

"जा ना बापू! सरकारचं काम पयलं!" असं गोड बोलली, असं गोड बोलली बाई, का वामनरावाच्या अंगावर काटा आला.

तो दाराबाहीर, आन् हे तिघं त्याच्या मांगे! तो पयल्या मोटारीत बसला, हे दुसऱ्यात. आन् लीलाबाईचा अवतार? नऊवारी लुगडं, त्याच्यावर वामनरावाचा कोट, कोटावर घोंगडी, डोक्याले वामनरावाचा मफलर, पायात वामनरावाचे जोडे. आन् वामनरावानं काय घातलतं? उरलंसुरलं!

मोटारीतल्या कंडक्टराले बाईनं आपल्या हिंदीत इचारलं, "ओ भाऊ, एक मराठी बाबू इधर आता क्या? बारीक, चष्मेवाला?"

"अच्छा अच्छा!" कंडक्टर खिदळाले लागला. "वो गिरनेवाला बाबू! हर इतवार गिरता है। सारा कुफरी जानता है उसको!"

संपलं! लीलाबाईनं पोरीचा हात घट्ट धरला. गिरनेवाला! गिरा हुआ मानूस! आन् साऱ्या पहाडाले ठाऊक! कंडक्टराले ठाऊक, घोडेवाल्याले ठाऊक, आन् बिचाऱ्या बायकोलेच ठाऊक नाई! वामनराव म्हन्ला, "पाहू—" पन बाईनं असं पाह्यलं का "पाहू" त्याच्या तोंडातच गोठलं.

कुफरीले उतरले, तं हा मेळा! दिल्लीचे लोक काय, सिमल्याचे काय, बाया पँटीत, बुढे रंगीत टोप्यात, लेकरं बर्फात लोळून राह्यले, जनू गाढवं उकिरड्यावर. चहा-पकोड्याचं दुकान, कोनाचा फोटो, कोनाची आरोळी. एक मानूस सूंऽऽकन खाली येते, झाडाले गळामिठी मारते, आन् लोक टाळ्या वाजवतात! मी म्हन्तो, कायले? कायले जा लागते मानसानं त्या बर्फात? झाडाले मिठी मारासाठी? आपल्याकडे कडुलिंब कमी हाय?

आन् तेवढ्यात कोकिळेनं वर पाह्यलं. पांढऱ्या उतारावर एक लाल स्वेटरवाली बाई, डोक्याले लाल टोपी, डोळ्याले काळा चष्मा. आन् तिनं दोन्ही हातानं कोनाचे दोन्ही हात धरले होते? उत्तमरावाचे! ती मांगं मांगं सरकून राह्यली, आन् हा तिच्याकडे पाहून पुढं पुढं… आन् हासून राह्यला!

कोकिळा बर्फातच बसली. "चाल माय, घरी जाऊ. मले नाई पाहाचं." आवाज असा, का पकोडेवालाबी पकोडा तळाचा थांबला.

"तू इथं थांब," लीलाबाई म्हन्ली. "तुमी पोरीपाशी थांबा," नवऱ्याले म्हन्ली. आन् लुगड्याचा काष्टा खोचून निघाली वर! दोन पावलं चढे, एक पाऊल खाली ये. तीन चढे, धपकन बसे, उठे, देवाले दोन शिव्या दे, जवायाले चार. पायाले थंडी वाजून राह्यली, पन डोक्यात अशी भट्टी पेटली का जिथून जाय तिथला बर्फ पातळ होत होता! मांगून वामनराव नाई, पोरगी उठून तिच्या मांगे. वामनराव कुठी होता? पकोड्यापाशी. भुकेला मानूस, काय करन!

वर पोचली, आन् इतक्या दिवसाचा दाबलेला भोंगा वाजला.

"ए बाई! हात छोड! छोड पयले! वो हमारा जवाई है!"

ती बाई शांत. "माताजी, छोड़ूँगी तो गिर जाएगा।"

"गिरा हुआ तो हैच वो! छोड!"

तिनं सोडला.

आन् तुमाले सांगतो… उत्तमराव पडला! पन कसा पडला! आधी एक पाय हिकडं गेला, मंग दुसरा तिकडं गेला, मंग दोन्ही फळ्यायनं आपसात काय सल्ला केला कोन जाने, त्यायची झाली फुली, आन् मानूस तोंडावर! असा तोंडावर, का बर्फात नाकाचा साचा उमटला! उठला. पुन्हा पडला. बसल्याजागी बसून होता तरी पडला!

लाल टोपीवालीनं टोपी काढली, चष्मा काढला… तं पांढरेफट केस! बुढी! लीलाबाईहून चांगली दहा-पंधरा वर्षानं मोठी, तोंडात दोन दात कमी! नवशिक्यायले शिकवते म्हने. आन् एका हातात लाल हातमोजा, दुसऱ्या हातात काळा. बुढी म्हने, "बाबू, मेरा दूसरा दस्ताना आज भी नहीं लाए? पिछली ठंड में उधार दिया था तुमको!"

लीलाबाईचं तोंड उघडं ते उघडंच. पन बाई कच्ची नाई! चूक झाली म्हनून दरबार बरखास्त करन, तं थे लीलाबाई कायची? बाजूले एक लाकडी पाट पडला होता. बसाचा पाट! आपल्या जेवाच्या पाटालेबी खाली दोन पट्ट्या असतात का नाई? यालेबी होत्या. फक्त ह्या पट्ट्या होत्या गुळगुळीत, आन् पाट होता डोंगराच्या काठावर, आन् तो पाट बसाचा नव्हताच, घसराचा होता! हे बाईले कोन सांगन? तिनं पाट ओढला, घोंगडी सावरली, मांडी घातली, आन् बोट उगारलं.

"या जवाईबापू, बसा. कोकिळे, तूबी बस. इथंच निकाल लावू. बोला. खरं बोलाऽऽऽऽऽ—"

गेली!

बोट वर ते वर, मांडी तशीच, आन् पाट असा सुटला का बंदुकीतून गोळी! घोंगडी एकीकडं, मफलर दुसरीकडं, कोटाच्या बाह्या पंखावानी! फळ्यावाले बाजूले उड्या मारून राह्यले, लेकरं किंचाळून राह्यले, आन् मधातून आमच्या कळंबची लीलाबाई, पंगतीले निघाल्यावानी, मांडी घालून चालली डोंगर उतरत! खाली वामनरावानं पकोडा तोंडात घालता घालता वर पाह्यलं, आन् जन्मात पयल्यांदा तो मानूस ओरडला, "सरका! सरका बाजूले! थे थांबत नाई! लग्नापासून थांबली नाई!"

भप्पकन! बर्फाच्या ढिगाऱ्यात शिरली, आन् वर नुसते वामनरावाचे जोडे दिसाले लागले.

मंग काईच नाई. ना आवाज, ना हालचाल. लीलाबाई, आन् आवाज नाई? वामनरावाच्या हातातले पकोडे खाली पडले. वरून कोकिळा "माय! माय वं!" करत धावली, पडली, गडगडत आली. आन् उत्तमराव? त्या मानसानं बुढीची वाट पाह्यली नाई, काई नाई, सुटला फळ्यावरच सासूच्या मांगे! तुमाले वाटन, अशा वेळी मानसाले बळ येते, त्या दिवशी तो पडला नाई. पडला ना! झाडापाशी पडला, दगडापाशी पडला, एका मारवाड्याले घेऊन पडला. पन उठला, आन् उठून पुन्हा आला, आन् सर्वात पयले ढिगाऱ्यापाशी पोचला तो तोच. उघड्या हातानं बर्फ उकरून राह्यला, बोटं निळी झाली, आन् "मामी, मामी" करून रडून राह्यला. बाजूले कोकिळा उकरून राह्यली. वामनराव तं काई इचारूच नका, टोपीनं बर्फ उपसून राह्यला.

आधी घोंगडीचं टोक निघालं. मंग बोट, वरच होतं. मंग तोंड निघालं. दोन्ही गाल लाल! टमाट्यावानी लाल! डोळे एवढे मोठे! साऱ्यायनं श्वास धरला. बाईनं तोंडातला बर्फ थुकला, आन् म्हन्ली:

"अजून एकडाव."

"माय, लागलं का वं?"

"पाट कुठी हाय थो?"

आता सांगा! कायले जा लागते मानसानं त्या बर्फात… असं इचाराची सोयच ठेवली नाई बाईनं! पाट घेतला बगलेत आन् चालली वर. निकाल राह्यला बाजूले.

म्हनून निकाल त्या दोघायनंच लावला, त्याच ढिगाऱ्यापाशी बसून. कोकिळा नवऱ्याच्या सोललेल्या कोपराकडे पाहून राह्यली. "म्हंजे तुमी दर रविवारी… हे कराले येत होते?"

"हाव."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

जवाई जमिनीकडे पाहाले लागला. "दोन हिवाळे झाले कोकिळे, मले अजून उभं राहाता येत नाई. लहान लहान लेकरं जातात सूंकन, मी पडतो. सारे हासतात. मले वाटलं, एवढं जमू दे, मंग तुले आनीन. दाखवीन. तू पाह्यलं असतं तं… तूबी हासली असती."

"मी हासली असती," कोकिळा म्हन्ली. "हासली असती तं काय मरत होते का तुमी? तुमी मायासमोर पडाले लाजले, आन् मी तिकडं दिवाळीपासून गाईच्या गळ्यात पडून रडून राह्यली! गाव मले इचारून राह्यलं, टाकली का म्हनून!"

उत्तमरावानं एवढ्या दिवसात पयल्यांदा बायकोकडे सरळ पाह्यलं. पडल्याचं जेवढं लागलं नव्हतं ना, तेवढं त्याले हे लागलं. "मले वाटलं," तो म्हन्ला, "तुले इथली थंडी सोसत नाई, म्हनून तू येत नाई."

"इचारलं कोनी?"

तो उठाले गेला, तिले हात द्याले गेला… आन् पडला. पुन्हा. तिच्याच पायाशी, फुली होऊन! आन् कोकिळा हासली हो! आधी तोंडाले पदर लावून हासली, मंग पदर सोडून हासली, डोळ्यातून पानी येऊन राह्यलं आन् हासून राह्यली. मंग त्याच्या एका पायाची फळी सोडली, आपल्या पायाले बांधली, म्हन्ली, "चाला, दाखवा." चार पावलं गेली, आन् दोघंबी एकमेकायले धरून धपकन! वामनराव जवळच उभा होता. त्यानं तोंड फिरवलं, आन् मफलर नाई म्हनून टोपीनंच डोळे पुसले. म्हने, थंडीनं पानी येते.

आता पोरगी तिथंच राह्यली, हे सांगाले नको. पन लीलाबाई? परत याच्या दिवशी वामनरावानं गाठोडं बांधलं, तं बाई म्हन्ली, "तुमी व्हा पुढं. कापूस उघड्यावर हाय. मी पोरीची घडी नीट बसली का येते." घडी! दर रविवारी पयली मोटार, पयला पाट, आन् "हटो, हटो" म्हनून अशी आरोळी, का सारी कुफरी रस्ता देते. बुढीसंग तिचं असं मेतकूट जमलं, का बुढीनं तिले तो लाल हातमोजा देऊन टाकला, दोन्ही हातचा! होळी आली तरी पत्ता नाई. इकडं वामनराव सोताच भाकर थापते, आन् जळली का आमच्या दारात येऊन उभा राह्यते.

परवाच्या बाजारात तुळसाबाईनं धरलाच त्याले. चारचौघात. "काहून हो वामनराव, लीलाबाई अजून कशी नाई आली? कुठी गेली म्हनावं?"

आता काय सांगन बिचारा? बायको पाटावरून घसरते, म्हनून सांगन? या वयात? वामनरावानं भाजीची थैली या हातातून त्या हातात घेतली.

"तीर्थाले गेली," म्हने.

"अगं बाई! कोन्या तीर्थाले?"

"उत्तरेले हाय. लई उंच."

तुळसाबाईनं तं तिथल्या तिथं हात जोडले. "पुण्यवान हो बाई! लई कठीन असन नाई ती वाट?"

वामनरावानं उसासा टाकला.

"चढाले लई जड हाय वो," म्हने. "उतरतानी मातर कोनाचंच ऐकत नाई."